शिरीषाच्या फळ्या व्हाव्यात, सरपण नको : वाचनालयाचे सभासद व हितचिंतकांना आवाहन

सर्व सभासद, अभ्यासिकेची आजी-माजी मुले-मुली, देणगीदार आणि गल्लीतले शेजारी यांना सप्रेम नमस्कार.

अंगणातला शिरीष गेला, हे आपल्याला ठाऊक आहेच. दोन उन्हाळे पालवी फुटली नाही, बुंध्याला आळंबी धरली, आणि पालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी घेऊन वैशाखात तो उतरवला. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून नाशकात तापलेलं वातावरण अजून निवलेलं नाही, त्यामुळे करवत सुरू होताच फोन आले आणि दोन तरुण मोबाइल रोखून दारात उभे राहिले. त्यांना परवानगीचं पत्र दाखवलं, चहा पाजला. झाडासाठी कोणी धावून येतं याचा आनंदच आहे. मात्र याच झाडाच्या मुळांवर चहूबाजूंनी काँक्रीट ओतलं जात होतं, तेव्हा कार्यकारिणीने पत्रामागून पत्रं दिली आणि सह्या करायला मोजकेच लोक आले. असो.

या झाडाखाली वाचनालय वाढलं. सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, 1840 सालचं. त्यांच्या पंक्तीत बसण्याचा आपला दावा नाही. पण तांबट आळीतल्या मंडळींनी वर्गणी काढून दिलेल्या एका कपाटावर आपण सुरुवात केली, आणि त्या कपाटाची कडी आजही नीट लागते. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, फुलं विकणाऱ्या मावशींनी त्या काळी अभ्यासिकेचे पहिले दोन पंखे दिले आणि पाटीवर नाव घालू दिलं नाही. नाशिकरोडच्या प्रेसमधले आपले काका पगार झाला की बस पकडून स्वतः वर्गणी द्यायला येत, पावती नीट घडी करून खिशात ठेवत आणि मगच मासिकं चाळायला बसत. 2 ऑगस्ट 2016 च्या पुरात दुतोंड्या मारुती बुडाला, पाणी सराफ बाजारात शिरलं, आणि आपल्या खालच्या दोन खणांतली पुस्तकं भिजली. त्या आठवड्यात गल्लीतल्या घराघरांतून बाजा आल्या, टाल्कम पावडरचे डबे आले, रद्दी आली. उघडीप मिळाली की बाजा शिरीषाखाली मांडायच्या, पानापानांत कागद घालायचा, सर आली की सगळं उचलून आत. अकरावी-बारावीच्या मुलींनी ते काम केलं. त्यांतल्या दोघी आज सरकारी नोकरीत आहेत आणि अजूनही दिवाळीला येऊन भेटतात. चिकटलेल्या पानांची काही पुस्तकं अजून देवघेवीत आहेत. पावडरचा वास गेलेला नाही.

आता मुद्द्याचं. फांद्या अमरधामला दिल्या. बुंधा अंगणात पडून आहे. घेर बारा फूट, लांबी चौदा फूट. वखारीच्या रिवाजाप्रमाणे घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी धरली, तर 126 घनफूट माल भरतो. एका व्यापाऱ्याने तो सरपणाच्या भावात मागितला, वर 'उचलून नेतो हेच उपकार' असंही ऐकवलं. शिरीषाचा गाभा गडद तपकिरी, जवळजवळ अक्रोडासारखा. अंदमानातून 'कोक्को' म्हणून येणारं लाकूड ते हेच, आणि इंग्रजांच्या काळात ते 'ईस्ट इंडियन वॉलनट' म्हणून विलायतेच्या बाजारात विकलं जाई. ते चुलीत घालायला कार्यकारिणी तयार नाही.

मग करायचं काय, यावर सभा रात्री उशिरापर्यंत चालली. शेजारच्या तालमीने मल्लखांबासाठी तुकडा मागितला. मागणी मनापासूनची होती. मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर आपल्याच निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे, तेव्हा नाही म्हणणं जड गेलं. पण मिस्त्रींनी स्पष्ट सांगितलं की मल्लखांब सागवानाचा किंवा शिसवाचा. शिरीषाच्या लाकडाचा रेशा उलटसुलट जातो, एरंडेल चोळलेल्या खांबावर पोरांच्या मांडीत कुसळ शिरलं तर जबाबदार कोण? एकाने गणपती कोरून घ्यावा म्हटलं. एका ज्येष्ठांना व्यासपीठासाठी अख्ख्या फळीचं एकच टेबल हवं होतं. (व्यासपीठ वर्षातून तीनदा लागतं.) शेवटी अभ्यासिकेतली मुलं बोलली: आम्हाला न डुगडुगणारी टेबलं द्या. ठराव तिथेच झाला. बारा फुटी चार टेबलं, आणि उरेल त्यातून पुस्तकांच्या फळ्या.

कापणं मात्र सोपं नाही. बुंधा चारेक टनांचा, आपल्या बोळात क्रेन शिरत नाही, वखारीतल्या आऱ्यावर एवढा घेर बसत नाही. म्हणून रूळ लावून जागच्या जागी फळ्या पाडणारी चेनसॉ आणावी लागेल. त्याआधी लोखंड काढायचं. इतक्या वर्षांच्या सूचनाफलकांचे खिळे, 15 ऑगस्टच्या पताकांची तार, झोक्याची कडी असं सगळं लाकडाने पोटात घेतलंय. कापलेल्या तोंडावर एका खिळ्याभोवती तळहाताएवढा निळा-काळा डाग उमटलाय. दाते तिथे आपटले तर चेनच जाते. विमानं बनवणाऱ्या एचएएलमधून निवृत्त झालेले आपले सभासद मेटल डिटेक्टर घेऊन बसले आणि खडूने खुणा करून दिल्या. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

आळंबीने खाल्लेला खालचा दोन फुटांचा भाग सोडून द्यायचा. मधला काळजाचा पट्टा काढून टाकायचा, कारण तडे तिथूनच जातात. त्याच्या दोन्ही बाजूंनी टेबलांसाठी अडीच इंची आणि खणांसाठी एक इंची फळ्या. बाहेरच्या पांढऱ्या भागाला भुंगेरा लागतो, तिथे बोरॅक्स-बोरिकचं पाणी मारायचं. टोकांना ऑइल पेंट, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्पी, वर वजन. इंचाला साधारण वर्ष धरतात, म्हणजे टेबलं 2029 च्या सुमारास. 'इतका वेळ?' असं विचारणाऱ्यांनी आधी वर्गणी द्यावी, मग विचारावं.

घाई यासाठी की बुंधा पावसात आहे. टोकाला चिरा पडल्यात, सालीखाली पीठ दिसू लागलंय. शिवाय सिंहस्थाची कामं सुरू असल्याने आरेवाले मिळत नाहीत. एकाने घटस्थापनेच्या आधीची तारीख दिली आहे, ती हुकली तर पुढचं काही सांगता येत नाही.

थोडं मनातलंही. छपराच्या वेळी आवाहन केलं तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं भरपूर आली. पैसे नेहमीच्याच घरांतून आले. इथे बसून अभ्यास केलेली मुलं आज मोठमोठ्या पदांवर आहेत, सत्काराला आवर्जून येतात. त्यांनी यावेळी सत्काराआधी यावं.

खर्च : आरा, मजुरी, औषधफवारणी, थप्पीवर पत्र्याची शेड मिळून 1,80,000 रुपये, जमले 47,500. टेबलांची सुतारकामाची मजुरी यात नाही. वर्गणी रोख/चेक वाचनालयात सायं. 5 ते 8 (सोमवार बंद), खाते क्रमांक व क्यूआर आतल्या फलकावर. पावती लगेच, मात्र आयकराची सवलत नाही. पट्ट्यांसाठी कोरड्या सागवानी रिपा, शेडसाठी जुने पत्रे, वजनाला दगड-विटा चालतील. श्रमदान : थप्पी लावायला दर रविवारी सकाळी 8 पासून, पायात बूट हवेत, येताना नाकाला रुमाल आणा, या भुशाने शिंकांवर शिंका येतात. नवी झाडं : राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीत, कापलेल्या झाडाचं वय तितकी झाडं लावण्याचा नियम आहे. वय 80 धरलं, म्हणून सहा फुटी देशी रोपं 80, निगा सात वर्षं. म्हसरूळ, गिरणारे भागात ज्यांची जागा व पाणी आहे त्यांनी नाव नोंदवावं. आतापर्यंत 22 झाडांची सोय झाली आहे.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. : शेड उभी राहीपर्यंत मागच्या अंगणात दुचाकी लावू नयेत.