बेदाण्याच्या हंगामात दत्तास पत्र

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय दत्ता यास,
सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे उत्तराविना पडून आहेत आणि तू मला शिव्या घालत असशील, हे गृहीत धरूनच लिहायला बसलो आहे. प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे, सुमनचा खांदा बरा आहे. हा विषय इथेच संपला. गेल्या आठवड्यात कचेरीत एक बाई एक प्रश्न घेऊन आली. त्याविषयी इथे कोणाशी बोलावे हे मला कळेना, कारण इथली आपली माणसे दोन वाक्यांत निकाल लावून मोकळी होतात. तू निदान भांडशील तरी.

ही बाई सेल्मा गावाजवळच्या बेदाण्याच्या बागांत काम करते. ती वीस वर्षांपूर्वी मेक्सिकोतून आली, नवराही त्याच कामावर असतो, दोन्ही मुले इथेच जन्मलेली म्हणजे जन्मतः अमेरिकन, आणि नवराबायको दोघांकडेही इथे राहण्याचे कायदेशीर कागद नाहीत. तरीही तिचे आयकर विवरण दर वर्षी मी भरतो. यावर तू हसशील, पण इथले आयकर खाते अशा लोकांना मुद्दाम एक वेगळा क्रमांक देते, तो आयटिन, आणि त्यावर कर घेताना तुम्ही देशात कसे आलात हे विचारत नाही. मुकादमाने दिलेल्या पगारपत्रकावर मात्र दुसराच क्रमांक असतो, निवृत्तिवेतनाच्या खात्याचा म्हणजे सोशल सिक्युरिटीचा. तो तिचा नाही हे तिला, मुकादमाला आणि मला ठाऊक असते; निवृत्तिवेतनाची कपात त्याच क्रमांकावर जमा होते आणि तिला त्यातला एक पैसाही कधी मिळणार नाही. एका संशोधन संस्थेच्या हिशेबानुसार कागद नसलेल्या लोकांनी २०२२ या एका वर्षात ९६.७ अब्ज डॉलर कर भरला आणि त्यातले २५.७ अब्ज याच निवृत्तिवेतनाच्या खात्यात गेले.

तिच्या २०२४ च्या विवरणाला मुदतवाढ घेतली होती, ती १५ ऑक्टोबरला संपते. बागेतून थेट आल्यामुळे तिची बोटे द्राक्षाच्या रसाने आणि धुळीने काळी चिकट झाली होती, म्हणून पगाराच्या चिठ्ठ्यांची पिशवी तिने मुलीच्या हातून टेबलावर ठेवली आणि मुलीच्याच तोंडून विचारले, ‘भरू की नको?’

प्रश्न वेडगळ नाही. एप्रिलमध्ये आयकर खात्याने स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या खात्याशी माहिती देण्याचा करार केला. विवरण भरावे तर घराचा पत्ता ताज्या शाईत सरकारच्या हाती जातो. न भरावे, तर दोन मुलांच्या नावाने मिळणारी चार हजार डॉलरपर्यंतची सवलत बुडते, आणि तीही शेवटचीच, कारण जुलैमध्ये झालेल्या नव्या कायद्याने २०२५ पासून आईवडिलांपैकी एकाकडे तरी खरा सोशल सिक्युरिटी क्रमांक असल्याशिवाय मूल अमेरिकन असूनही ती मिळणार नाही. शिवाय १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले, तेव्हा वास्तव्याचे आणि कामाचे पुरावे द्यावे लागले होते. तसा दिवस पुन्हा उगवलाच तर भरलेला कर हाच तिचा पुरावा, असे आम्ही सगळे हिशेबनीस वर्षानुवर्षे सांगत आलो. माझ्या परवान्यानुसार तर मला एकच सांगता येते, की ज्याला ठरावीक मर्यादेवर उत्पन्न आहे त्याने विवरण भरलेच पाहिजे. मी तिला ‘कळवतो’ एवढेच म्हणालो.

आता तुझा जुना मुद्दा घेऊ. २००८ मध्ये नाशिकच्या कारखान्यांतून उत्तर भारतीय मजूर गाड्या भरून निघून गेले, तेव्हा तू मला लिहिले होतेस की बाहेरचा माणूस कमी पैशांत राबतो म्हणून घरच्याची मजुरी पडते, आणि हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मी तुला अडाणी म्हणालो, तू मला साहेबांचा चमचा म्हणालास, आणि आपण पाच महिने बोललो नाही. ते मजूर आपल्याच देशाचे नागरिक होते आणि ही बाई इथली नागरिक नाही, हा फरक मला मान्य आहे. पण तुझे गणित इथेही रोज टीव्हीवर ऐकू येते. त्याला इतिहासाचा पाठिंबा अजिबात नाही असेही नाही: इथून दक्षिणेला डेलानो येथे १९६५ मध्ये द्राक्षमजुरांचा प्रसिद्ध संप झाला, आणि पुढे सीझर चावेझ यांची शेतमजुरांची संघटना संप फोडायला आणलेल्या, कागद नसलेल्या मजुरांच्या विरोधात उभी राहिली. मात्र त्या संपाच्या आदल्याच वर्षी सरकारने मेक्सिकन मजुरांना कराराने आणण्याची १९४२ पासून चाललेली योजना बंद केली होती, आणि त्यामुळे अमेरिकन मजुराची मजुरी वाढल्याचे पुढच्या अभ्यासकांना आढळले नाही. मळेवाल्यांनी मजुरी वाढवण्याऐवजी टोमॅटो तोडणारे यंत्र आणले, आणि जिथे यंत्र नव्हते तिथले काही पीकच सोडून दिले. १९८० मध्ये क्यूबातून सव्वा लाख माणसे मायामीत उतरली, त्यावर अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड म्हणाले की मजुरी पडली नाही, दुसरे अर्थतज्ज्ञ बोर्हास म्हणाले की कमी शिकलेल्यांची पडली; २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळाले त्या रात्री मी तुला झोपेतून उठवले होते. तू ‘नोबेल मिळाले म्हणून मजुरी वाढते का’ असे म्हणून फोन ठेवलास. उत्तर चांगले होते, हे तेव्हा मी कबूल केले नव्हते.

माझे म्हणणे असे की दोन्ही बाजू डोकी मोजत बसल्या आहेत. तुझ्याकडे बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर सुकतो. इथे तेच थॉमसन वाण वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद पसरून उन्हात वाळवतात. मजूर वाकून घड कापतो, कागदावर पसरतो, आणि पैसे कागदाच्या नगावर मिळतात. बागाईतदार मजूर स्वतः ठेवत नाही, मुकादम ठेवतो. तुमच्या मुकादमाची उचल असते तशी इथे शेतावर नेण्याच्या गाडीभाड्याची कपात असते. कायदा म्हणतो, ‘जाणूनबुजून’ कागद नसलेला माणूस ठेवू नये, आणि कागद दिसायला खरा असला की मालकाने तो मान्य करावा. म्हणून मुकादम मध्ये उभा राहतो आणि मालकाला काहीच ठाऊक नसते. देशात पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४२ टक्क्यांकडे कागद नाहीत, हे सरकारी सर्वेक्षणच सांगते. यांना हाकलावे असे मालकाला वाटत नाही आणि कागद द्यावेत असेही वाटत नाही. या बाईच्या मजुरीत तिच्या भीतीची सूट धरलेली आहे. चाळीस अंश उन्हात सावली मागण्याचा तिला कायद्याने हक्क आहे, पण ती मागत नाही. आणि ती मागत नाही म्हणून शेजारच्या ओळीतल्या कागदवाल्यालाही मागता येत नाही. मजुरी पडत असेल तर ती यामुळे पडते. ‘हे गेले तर आमची फळे कोण तोडणार’ असे कळवळून बोलणारे माझे पुरोगामी शेजारीही मला म्हणूनच सहन होत नाहीत.

सरकारची तऱ्हा पाहा. जूनमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी कबूल केले की या धोरणामुळे शेतकऱ्यांची आणि हॉटेलवाल्यांची जुनी, चांगली माणसे जात आहेत. शेतांवरच्या धाडी थांबल्या आणि काही दिवसांतच पुन्हा सुरू झाल्या. जुलैमध्ये कॅमारिलोच्या हरितगृहांवर धाड पडली, तेव्हा छतावरून पडून एक मजूर मेला. त्याच आठवड्यात कृषिमंत्री म्हणाल्या की सरकारी आरोग्ययोजनेतले ३ कोटी ४० लाख धडधाकट लोक शेतात येऊ शकतील. ते वाचून मला होस्टेलच्या श्रमदानात खोरे घेऊन सावलीत उभा राहणारा आपला शिरीष आठवला.

गणपतीत मंडळात हाच विषय निघाला. ‘आम्ही रांगेत उभे राहून आलो, यांनीही यावे,’ असे सर्वांचे मत पडले. मी म्हणालो की अकुशल मजुरांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला दहा हजार कायम परवानेसुद्धा नाहीत, तेव्हा रांग आहे कुठे? त्यावर मला मोदक वाढण्यात आला. फेब्रुवारीत अमृतसरला लष्करी विमानाने बेड्या घालून उतरवलेल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते आणि इथे कागदांविना राहणारे भारतीय एका अंदाजानुसार सात लाखांच्या आसपास आहेत, हे सांगायला तर तोंडच उघडू दिले नाही. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत हा सूर होता. १९ तारखेला कुशल नोकरदारांच्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले आणि आता तीच मंडळी स्थलांतरितांचे देशावर किती उपकार आहेत याचे आकडे एकमेकांना पाठवत आहेत.

तुझ्याबद्दल विचारायचे राहूनच गेले. मे महिन्यातच पावसाने तुमची दाणादाण उडवली, तर यंदा द्राक्षाच्या काडीत माल आहे का? छाटणी केव्हा धरणार? मुक्ताचा निकाल लागला का, आणि वहिनींच्या डोळ्यांचे काय ठरले, तेही कळव.

त्या बाईला मी १० ऑक्टोबरच्या शुक्रवारी बोलावले आहे. तिचा पत्ता जुन्या विवरणांमुळे सरकारकडे आधीच आहे, म्हणून भरल्याने नवे काही बिघडत नाही, असा माझा कल आहे; पण मुलीकडे पाहून हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही, कारण चूक ठरले तर त्याची किंमत मी भरणार नाही. तुझ्या शेडमधल्या बायकांपैकी कोणी असे विचारले असते तर तू काय सांगितले असतेस, ते मला लिही. हे पत्र मी फोटो काढून फोनवर पाठवतो आहे, तेव्हा टपालाची सबब चालणार नाही.

तुझा,
अविनाश