परवाना कामगाराच्या नावाचा, दोर मालकाच्या हाती

मा. संपादक,
महोदय,

परदेशातील नोकऱ्यांविषयी वृत्तपत्रांत जे मार्गदर्शनपर लेखन येते, ते बहुतेक वेळा व्हिसा हातात पडला की संपते. पात्रता काय, कागदपत्रे कोणती, मुलाखतीत काय विचारतात, याची माहिती त्यात भरपूर असते; परंतु तिथे गेल्यावर नोकरी सुटली तर राहण्याचा हक्क किती दिवस टिकतो आणि मालक बदलायचा झाल्यास परवानगी कुणाची लागते, हे सहसा सांगितले जात नाही. माझ्या मते देश निवडताना पगाराच्या आकड्याआधी हेच विचारून घ्यायला हवे.

मुळात व्हिसा आणि वास्तव्याचा परवाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या व्हिसावर छापलेली अंतिम तारीख ही त्या देशाच्या दाराशी येऊन प्रवेश मागण्याची मुदत असते; आत किती काळ राहता येईल, हे प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आय-९४ या नोंदीवरून ठरते. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल, तर या नोंदीतली तारीख व्हिसावरच्या तारखेपेक्षा बरीच आधीची असू शकते, आणि व्हिसावरची तारीख पाहून निर्धास्त राहिलेला माणूस नकळत बेकायदा रहिवासी ठरू शकतो. जर्मनीत दीर्घ मुदतीच्या व्हिसावर प्रवेश केल्यानंतर तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून वास्तव्याचे कार्ड घ्यावे लागते आणि त्यासोबत बहुधा एक पुरवणी कागद मिळतो. कार्डावरचा फोटो व तारीख सगळेच पाहतात; पुरवणी कागद मात्र फायलीत जाऊन पडतो. कोणते काम करण्याची मुभा आहे आणि ते अमुक एका कंपनीतच करायचे आहे का, हे अनेकदा त्यावरच लिहिलेले असते.

नोकरी गेल्यानंतरच्या मुदतीत देशादेशांत मोठी तफावत आहे. अमेरिकेत एच-१बी या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या व्हिसावरील माणसाला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि मंजूर वास्तव्य त्याआधी संपत असेल तर तेवढेच. ब्रिटनमध्ये स्पॉन्सर कंपनीने, म्हणजे जिच्या हमीवर व्हिसा मिळाला त्या मालकाने, काम थांबल्याचे कळवले की गृहखाते साधारणपणे ६० दिवसांची सूचना देते. ऑस्ट्रेलियाने मात्र १ जुलै २०२४ पासून स्पॉन्सर केलेल्या कामगारांना एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या संपूर्ण काळात एकूण ३६५ दिवस दिले आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये वास्तव्य आणि काम या दोन्हींसाठीच्या एकत्रित परवान्याचे जे सुधारित नियम केले, त्यांत किमान तीन महिने, आणि दोन वर्षांहून अधिक काळ परवाना असलेल्यास किमान सहा महिने बेकार राहूनही परवाना टिकेल अशी तरतूद आहे. सदस्य देशांनी ती मे २०२६ पर्यंत आपल्या कायद्यांत आणायची होती. अमेरिकेतल्या त्या ६० दिवसांत नवी नोकरी शोधणे पुरेसे नसते, नव्या मालकाने सर्व कागदपत्रांसह अर्जही दाखल केलेला असावा लागतो. एवढ्या घाईत माणूस चांगली नोकरी शोधत नाही, मिळेल ती पत्करतो.

आखाती देशांतील कफाला पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तच आहे. मालकाने दिलेल्या आधारावर इकामा म्हणजे वास्तव्याचा परवाना, त्याच्या एनओसीशिवाय दुसरीकडे काम नाही आणि काही ठिकाणी देश सोडायलाही त्याचीच परवानगी, अशी ती रचना होती. कतारने २०२० मध्ये एनओसीची अट काढून टाकली, सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून नोकरी बदलण्याचे नियम सैल केले. तरीही कामगार फरार झाल्याची तक्रार मालकाने नोंदवली, म्हणजे कामगारांच्या भाषेत हुरूब लावला, की अंगावर आलेले बालंट दूर करण्याची जबाबदारी कामगारावर येऊन पडते.

परंतु कफालाला नावे ठेवणाऱ्या देशांनी आपल्या घरचेही पाहावे. ब्रिटनमध्ये वृद्धांच्या देखभालीसाठी स्पॉन्सरशिपवर गेलेल्या अनेकांनी मध्यस्थांना मोठ्या रकमा दिल्या आणि तिथे पोहोचल्यावर त्यांना कामच मिळाले नाही. काहींच्या कंपनीचा स्पॉन्सर परवाना रद्द झाला आणि अपराध कंपनीचा असूनही मुदतीचे घड्याळ कामगाराच्या नावे सुरू झाले. पुढे जुलै २०२५ मध्ये परदेशातून अशी नवी भरती सरकारने बंदच केली. कर्ज काढून गेलेला माणूस अशा स्थितीत तक्रार करील कशी? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये असे तत्त्व आहे, परंतु ते कागदावरून खाली उतरलेले क्वचितच दिसते.

परवाना एका मालकाशी बांधल्याने जबाबदारी निश्चित होते आणि स्थानिक कामगारांचे वेतन पाडले जात नाही, असे सरकारे सांगतात. त्यात तथ्य आहे. पण मालकाऐवजी कामाच्या स्वरूपाशी परवाना जोडूनही तो हेतू साधता येतो. जपानमध्ये अभियंते, दुभाषे यांना मिळणारा वास्तव्याचा दर्जा तसाच आहे. नोकरी बदलल्यास १४ दिवसांत कळवावे लागते आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने ते काम केलेच नाही तर दर्जा रद्द होऊ शकतो, मात्र जुन्या मालकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. त्याच जपानमध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्यांना एरवी मालक बदलता येत नसे. त्या योजनेची इतकी बदनामी झाली की तिच्या जागी २०२७ पर्यंत नवी योजना आणण्याचा कायदा २०२४ मध्ये करावा लागला. कॅनडाने २०१९ पासून छळ सोसणाऱ्या कामगाराला कोणत्याही मालकाकडे काम करता येईल असा खुला परवाना मागण्याची सोय केली आहे. दुर्दैवाने छळ झाल्याचे पटवून देण्याचे काम तिथेही त्यालाच करावे लागते.

आपल्या दैनिकाकडून माझी अपेक्षा माफक आहे. परदेशी नोकरीवरील प्रत्येक मार्गदर्शनपर लेखात परवाना कशाशी बांधलेला आहे, नोकरी सुटल्यावर किती मुदत मिळते आणि मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना काम चालू ठेवता येते का, याचा उल्लेख असावा. जाहिरातींच्या बाबतीत, केवळ एजंटाचा फोन क्रमांक देणारी आणि प्रत्यक्ष मालकाचे नाव गाळणारी जाहिरात स्वीकारू नये. ब्रिटनसारखा देश परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची यादी संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवतो. नाव छापलेले असेल तर ते त्या यादीत आहे की नाही, हे वाचकाला पैसे भरण्याआधी स्वतः पाहता येईल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक