स्मारक हलवा, पण त्या माणसांच्या वाटेवरच ठेवा

प्रति,
माननीय परिवहन मंत्री, ब्रिटन

सविनय नमस्कार.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाचा पुनर्विकास व्हायचा आहे. त्याआधी त्याच्या शेजारच्या, आता नामशेष झालेल्या ब्रॉड स्ट्रीट स्थानकातल्या स्मारकाचं काय झालं, ते आपण पाहावं.

पहिल्या महायुद्धात नॉर्थ लंडन रेल्वेचे जे कर्मचारी मारले गेले, त्यांचं हे स्मारक १९२१ साली ब्रॉड स्ट्रीटला उभं राहिलं. १९८६ मध्ये स्थानक बंद झालं, त्या जागी कचेऱ्यांच्या इमारती आल्या आणि स्मारक गेलं पार नैऋत्येला, रिचमंड स्थानकात. ब्रॉड स्ट्रीटहून गाड्या तिथवर जात, एवढंच काय ते नातं. २०११ मध्ये ते हॉक्स्टनला आणलं. हॉक्स्टन स्थानक ज्या विटांच्या कमानींवर आहे, त्याच कमानींवरून पूर्वी ब्रॉड स्ट्रीटच्या गाड्या धावायच्या. ज्या रुळांवर ही माणसं राबली, तिथेच त्यांची नावं परतली. कुणीतरी मनापासून विचार करून ही जागा निवडली असणार, आणि मला तिचं फार मोल वाटतं.

लिव्हरपूल स्ट्रीटचं स्मारक त्याच युद्धात मारल्या गेलेल्या, ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या अकराशेहून अधिक कर्मचाऱ्यांचं आहे. २२ जून १९२२ रोजी फील्ड मार्शल सर हेन्री विल्सन यांनी त्याचं अनावरण केलं आणि त्याच दिवशी घरी परतताना दारातच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांची स्मृतिशिला आज याच स्मारकापाशी आहे. तिथेच कॅप्टन चार्ल्स फ्रायट यांचीही आहे. ते याच कंपनीच्या ‘ब्रसेल्स’ जहाजाचे कप्तान. चाल करून येणाऱ्या जर्मन पाणबुडीवर त्यांनी जहाज घातलं, म्हणून १९१६ मध्ये बेल्जियममधल्या ब्रुजला जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. ते सैनिक नव्हते, नोकरी करत होते. मागच्या पुनर्बांधणीत, स्मारक जिथे होतं ते मूळ तिकीटघर गेलं, पण स्मारक स्थानकातच राहिलं.

या वेळीही तसंच व्हावं. स्थानक पाडायची किंवा बदलायची परवानगी देतानाच स्मारकाची नवी जागा कागदावर ठरलेली असू द्या: त्याच स्थानकात, प्रवाशांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, विल्सन आणि फ्रायट यांच्या शिळांसह. आणि एखादं स्थानकच बंद होणार असेल, तर स्मारक त्याच मार्गावरच्या दुसऱ्या स्थानकात जावं. हा नियम देशातल्या प्रत्येक स्थानकाला लागू करावा, ही विनंती.

आपला नम्र,
लंडनमधला एक मराठी रेल्वेप्रवासी