दोन वह्या आणि एक चिन्ह

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

विभागात नव्याने रुजू झाल्यावर शिकवण्याविषयी कोणाशी बोलावे, असे तू विचारले आहेस. त्यावरून गेल्या सत्रातला एक प्रसंग तुला सांगावासा वाटतो.

प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी दोन वह्या घेऊन माझ्याकडे आली. भौतिकशास्त्राच्या वहीत माझ्याच तासाला उतरवून घेतलेला ऊष्मागतिकीचा (उष्णता आणि कार्य यांचा संबंध सांगणाऱ्या शाखेचा) पहिला नियम होता : वायूच्या आंतरिक ऊर्जेतील बदल म्हणजे उष्णता वजा कार्य. रसायनशास्त्राच्या वहीत तिथे अधिक चिन्ह होते. दोन्ही चिन्हांभोवती पेन्सिलीने गोल काढून तिने विचारले, “सर, यातले चूक कोणते?” चूक कोणतेच नव्हते, आम्ही भौतिकशास्त्रवाले वायूने केलेले कार्य धन धरतो, तर रसायनशास्त्रवाले वायूवर केलेले कार्य धन धरतात. पण इतकी वर्षे एकाच इमारतीत शिकवूनही आम्ही हे एकमेकांशी कधी बोललो नव्हतो आणि मुले मात्र निमूटपणे दोन सूत्रे पाठ करून दोन पेपर लिहीत होती, याची मला फार खंत वाटली.

त्याच आठवड्यात मी रसायनशास्त्राच्या सहकारी बाईंच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, आणि पुढे त्या माझ्या तासाला आल्या. आता दोन्ही वर्गांत सूत्राआधी दट्ट्याचे एकच चित्र काढले जाते आणि कोण कोणावर कार्य करते, हे मुले आधी शब्दांत लिहितात.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1993 मध्येच म्हटले होते की, संशोधन चारचौघांत तपासले जाते, अध्यापन मात्र एकांतात राहते. वर्गात मुलांना कृतिशील केल्याने काय साधते, हेही आता ठाऊक आहे : 2014 मध्ये 225 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी 34 टक्के, तर कृतिशील वर्गांत 22 टक्के आढळले. तरीही बढतीच्या वेळी शोधनिबंधच मोजले जात असतील, तर सहकाऱ्याच्या तासाला बसण्यासाठी वेळ कोण काढणार? शिवाय अशा भेटीचा अहवाल वरिष्ठांकडे जाऊ लागला, तर तो तास केवळ दाखवण्यापुरता होतो, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा तू आधी स्वतःच्या तासाला कोणाला तरी बोलाव, आणि तेही तुला अवघड जाणाऱ्या घटकाच्या तासाला. कोणता घटक निवडलास, ते अवश्य कळव.

तुझा स्नेहांकित मित्र