मानपत्रातले चार रकाने

पुणे,
9 फेब्रुवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

"शाल-नारळ देऊन कुणाचं काय भलं झालंय?" हा तुझा प्रश्न महिनाभर माझ्या डोक्यात आहे. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर नुसता वाद झाला असता, म्हणून थांबलो. परवा आमचा कार्यक्रम पार पडला. आता सांगतो.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा संयुक्त राष्ट्रांनी धर्माधर्मांतल्या सलोख्यासाठी ठरवून दिला आहे. जॉर्डनचे राजे अब्दुल्ला यांनी 2010 मध्ये आमसभेत ही कल्पना मांडली आणि त्याच वर्षी ठराव मंजूर झाला. आमच्या नाना पेठेतल्या मंडळींनी त्या निमित्ताने तीन सत्कार करायचं ठरवलं आणि मानपत्रं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नावं ठरवतानाच पहिली अडचण. एका ज्येष्ठांचा आग्रह होता, प्रत्येक धर्माचे एकेक धर्मगुरू बोलवा. मला ते पटेना. व्यासपीठावर शेजारी शेजारी बसण्यात विशेष काय, असं मी बोलूनही दाखवलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "2023 आठवतंय का?" त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, 28 सप्टेंबरला. विसर्जनाची मिरवणूक आणि जुलूस एकाच दिवशी, तेही आपल्या पेठांमधून! पुण्यातल्या मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस पुढे ढकलला. आपल्याच माणसांना "आपण थांबू या" हे सांगायला वजन लागतं आणि धाडसही. मी गप्प बसलो, कारण त्यांचं खरं होतं. पहिला सत्कार तेव्हा घरोघरी जाऊन लोकांची समजूत घालणाऱ्या आमच्या भागातल्या एका मौलवींचा झाला.

एक सत्कार निवृत्त नर्सबाईंचा. रविवारी चर्चला न चुकता जाणाऱ्या या बाई, तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला आली की वारकऱ्यांच्या पायांवरचे फोड साफ करत बसलेल्या असतात. देहूतून निघालेली तीच पालखी पहिल्यांदा थांबते अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी, हे तुला माहीत आहेच.

पण मला खरं सांगायचंय ते उरलेल्या सत्काराबद्दल. 2020 मध्ये करोनाने गेलेल्यांना शेवटच्या ठिकाणी पोचवणाऱ्या पोरांचा तो सत्कार. बहुतेक मुसलमान, दोघे हिंदू, एक ख्रिश्चन. मानपत्रासाठी माहिती हवी म्हणून मी त्यांच्यातल्या एकाच्या गॅरेजवर गेलो. तो काही बोलेचना. शेवटी त्याने कपाटातून एक दोनशे पानी वही काढून माझ्या हातात दिली.

चार रकाने आखलेले. नाव, वेळ, कोण आलं, काय करायचं. शेवटच्या रकान्यात बॉलपेनने लिहिलेलं: "तुळशीचं पान, पाणी." "फादरना फोन लावणे." "जनाज्याची नमाज, आपण चौघे." "मुलगा दुबईत, व्हिडिओ कॉल." आणि तिसऱ्या रकान्यात पानामागून पान एकच शब्दजोडी, "कुणी नाही".

त्या वहीत आमच्या थोरल्या काकांचं नाव निघालं.

वाड्याच्या अंगणात तुला-मला सायकल शिकवणारे काका. ते ससून रुग्णालयात वारले तेव्हा मी तुला फोनवर म्हणालो होतो की आम्हाला कैलास स्मशानभूमीत जाऊ दिलं नाही. ते खरं नव्हतं. दोघांनी लांब उभं राहायला परवानगी होती. आम्ही चार पुतणे पुण्यात होतो. एक घरात विलगीकरणात होता, बाकीचे आम्ही तिघे घाबरलो. वहीत लिहिलंय, "कुणी नाही. तुळस, पाणी. अस्थी पुतण्याकडे." तिसऱ्या दिवशी एक मुलगा लाल फडक्याने तोंड बांधलेलं मडकं घेऊन आमच्या फाटकाशी आला होता. कठड्यावर ठेव म्हणालो, तो गेल्यावर उचललं. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

त्या रात्री मी आधी लिहिलेलं मानपत्र फाडून टाकलं. त्यात 'मानवतेचे पुजारी', 'सलोख्याचे दूत' असं काय काय होतं. ते शब्द कुणालाही लागू पडतात. नव्या मानपत्रात वहीतले शेवटचे दोन रकाने जसेच्या तसे उतरवले. मृतांची नावं वाचायची नाहीत, ही पोरांची अट. ती पाळली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. 1849 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. केवढी मोठी गोष्ट! पण त्या घराबद्दल आज आपल्याला ठाऊक आहे ते जेमतेम दोन ओळींचं. उस्मान यांच्या बहिणीचं, फातिमाचं नाव तरी आपल्याकडे आहे, कारण 1856 मध्ये आजारपणात माहेरी नायगावला असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिलं. तिच्यावर कामाचा भार पडत असेल पण ती कुरकूर करणार नाही, अशा अर्थाची एक ओळ त्यात आहे. पुढे 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. त्या साथीत या पेठांमधून आणखी कुणाकुणी कुणाला खांदा दिला असेल! त्यांची वही आपल्यापर्यंत आली नाही. म्हणून मला वाटतं, शाल राहू दे हवं तर, पण कुणी काय केलं ते नीट विचारून, लिहून, चार लोकांत मोठ्याने वाचलं पाहिजे.

परवा मी ते वाचलं. मध्येच माझा आवाज गेला, तेव्हा नर्सबाईंनी उठून पाणी दिलं. गॅरेजवाल्या मुलाची आई पहिल्या रांगेत होती. नंतर मला म्हणाली, "हा तीन महिने घरात न येता जिन्याखाली झोपायचा. बाहेर काय करतो ते कधी सांगितलंच नाही."

मी त्याला बाजूला घेऊन फाटकाची गोष्ट सांगितली. तो मुलगा त्यांच्यापैकीच कुणीतरी होता. "दादा, तेव्हा सगळेच घाबरले होते," तो म्हणाला, "आम्हीपण." वही त्याने माझ्याकडे ठेवायला दिली आहे; पानं सुटायला लागलीत, बांधून आणायची आहे.

तुमच्याकडच्या त्या किराणा दुकानदाराबद्दल तू मागे बोलला होतास, देवळाच्या भंडाऱ्याला आणि रोजाच्या इफ्तारीला उधारीवर माल देणारे. त्यांच्याकडे जाऊन बस एकदा. कधीपासून, किती माल, कुणी फेडलं, कुणी नाही, सगळं विचारून मला लिही.

काकूंना नमस्कार सांग. थोरल्या काकांबद्दल तुझ्याशी खोटं बोललो, त्याची माफी तू आलास की समोरासमोर मागेन.

तुझाच,
नाना पेठेतला सोबती