शिक्षा दिग्दर्शकाला कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत शाळकरी वयातल्या प्रेमकथेवरील चित्रपटाचे परीक्षण वाचले. पाचपैकी दोन तारे दिले, त्याबद्दल तक्रार नाही. मलाही उत्तरार्ध रेंगाळलेला वाटला. पण निम्मे परीक्षण ‘या वयात कसले आले प्रेम’ याच सुरात खर्ची पडले आहे. अभिनय, छायाचित्रण, संवाद यांच्या वाट्याला मिळून दोन वाक्ये. खून करणे वाईट म्हणून रहस्यपटाचे तारे कुणी कापत नाही. मग पडद्यावरच्या मुलांनी अभ्यास सोडून प्रेम केले, याची शिक्षा दिग्दर्शकाला कशासाठी?

ज्युलिएटला चौदावे वर्षही पूर्ण झालेले नाही, हे शेक्सपिअरने नाटकातच सांगून ठेवले आहे. इटालियन दिग्दर्शक झेफिरेल्लीने १९६८ साली त्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकावर चित्रपट काढला तेव्हा मुख्य भूमिकांसाठी खरोखरच कोवळ्या वयाची मुले घेतली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनापर्यंत तो पोहोचला, छायाचित्रण आणि वेशभूषेची पारितोषिकेही मिळाली. त्याच दोन कलाकारांनी २०२२च्या अखेरीस, अल्पवयात चित्रित झालेल्या नग्नदृश्याबद्दल स्टुडिओवर दावा लावला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, पण प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. समीक्षकाला नैतिकतेचा मुद्दा काढायचाच असेल तर तो इथे काढावा: कोवळ्या वयाच्या नटांना दिग्दर्शकाने कसे वागवले आहे? मुलीने ‘नाही’ म्हटल्यावर कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा राहतो? पाठलागाला गोड चाल लावली की त्याचे प्रेम होते, ही युक्ती आपल्या पटकथाकारांना चांगलीच अवगत आहे आणि तिच्यावर परीक्षणात क्वचितच बोट ठेवले जाते. आपल्या परीक्षणातही नाही. राहिली पालकांची काळजी. त्यासाठी सेन्सॉरचे वयोगटाचे प्रमाणपत्र यूए १३+ आहे की यूए १६+, एवढी ओळ चौकटीत छापली तरी पुरे.

दुसरे टोक गल्ल्याचे. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला प्रदर्शित झाला. त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिन महोत्सवात दाखवला गेला होता आणि मार्चमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत रिंकू राजगुरूच्या कामाचा विशेष उल्लेख झाला होता. म्हणजे तिकीटखिडकी उघडण्याआधीच जाणकारांनी त्या मुलीचे काम हेरले होते. पुढे कोटींचे आकडे आले आणि त्यांच्या गदारोळात अभिनयाची चर्चा मागे पडली. ‘पोरांना आवडला’ हे वाक्य तर आपल्याकडे कौतुक म्हणूनही वापरतात आणि हिणवायलाही.

बर्लिनमध्ये ‘सैराट’ ज्या ‘जनरेशन १४प्लस’ विभागात होता, तिथे क्रिस्टल बेअर हा पुरस्कार कुणाला द्यायचा ते किशोरवयीन परीक्षकच ठरवतात. त्याहून लहान मुलांच्या ‘केप्लस’ विभागात २०१४ साली बालपरीक्षकांनी हाच मान आपल्या ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाला दिला होता. त्या मुलांना ना आपली भाषा कळत होती, ना आपला कोकण त्यांच्या ओळखीचा होता.

म्हणून विनंती अशी, की अशा चित्रपटाच्या परीक्षणाशेजारी पंधरा-सोळा वर्षांच्या एखाद्या वाचकाचे दीडशे शब्दही छापावेत. समीक्षकाला रजा द्या असे म्हणत नाही. पटकथा कुठे घसरली, संकलन कुठे ढिले पडले हे त्यांनीच सांगायचे. पण पडद्यावरची मुले खरी वाटतात की मोठ्यांनी पढवलेली, हे त्या वयाच्या वाचकाला विचारावे. ही मुले सांभाळून घेतील अशा भ्रमात कुणी राहू नये. खोटा संवाद त्यांना आपल्याआधी कळतो. त्यांचे शुद्धलेखन जरूर तपासा, मताला मात्र हात लावू नका. आणि नावाखाली शाळेचे नाव छापू नका, नाहीतर मुख्याध्यापकांना आवडेल तेवढेच लिहून येईल.

आपली,
एक नियमित वाचक