मध्यमवयातील आहार: केवळ वजन घटवण्याचा सल्ला अपुरा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीची मी नियमित वाचक आहे आणि चाळिशी ते साठी या वयातल्या लोकांना आहाराविषयी मार्गदर्शन करण्याचे काम गेली बरीच वर्षे करते आहे. या वयोगटासाठी वृत्तपत्रांत, मासिकांत आणि समाजमाध्यमांवर जे काही लिहिले जाते, त्याचा फार मोठा भाग वजन कसे उतरवावे याभोवतीच फिरत असतो आणि त्यातला मुख्य सूर ‘कमी खा’ असाच असतो. हा सल्ला अपुरा आहे आणि अनेकांच्या बाबतीत तो नुकसानही करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कशामुळे बनले, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

‘चाळिशी उलटली की चयापचय मंदावतो, म्हणून वजन वाढते’ हे वाक्य माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती पहिल्याच भेटीत उच्चारते. हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजुतीला धक्का दिला. २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांचा दैनंदिन ऊर्जाखर्च त्यांनी अभ्यासला. त्यांत आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व वयांची माणसे होती. शरीराचे आकारमान आणि त्यातले स्नायू-चरबीचे प्रमाण हिशेबात धरल्यावर असे दिसले, की विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर तो दरवर्षी साधारण ०.७ टक्क्यांनी कमी होत जातो. म्हणजे चाळिशीतल्या पेशी अचानक आळशी होत नाहीत. बदलते ते शरीराचे घटकप्रमाण आणि दिवसभराची हालचाल. स्नायू घटतात, बैठे काम वाढते, झोप तुटक होते आणि स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागल्यावर चरबी पोटाभोवती साठण्याकडे कल वाढतो. कारण असे असेल तर त्यावरचा उपाय केवळ पानातला घास कमी करणे हा असू शकत नाही.

स्नायूंच्या या घटीकडे आपले लक्ष फार उशिरा जाते. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या घटीला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले, तेव्हापासून तिचा पद्धतशीर अभ्यास वाढला. सामान्य वाचकापर्यंत मात्र ती अजून नीटशी पोचलेली नाही. स्नायूंचे काम केवळ वजन उचलण्याचे नसते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीने शोषून घेणारा शरीरातला सर्वांत मोठा भाग म्हणजे स्नायूच. ते घटले की साखर सांभाळण्याची क्षमता घटते, तोल जाण्याची शक्यता वाढते आणि हाडांवर पडणारा आवश्यक ताणही कमी होतो. व्यायामाची जोड न देता नुसते खाणे तोडले, तर उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही लक्षणीय वाटा असतो. वजनकाटा हा फरक दाखवत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंचे उदाहरण देते. कार्यालयात बैठे काम करणाऱ्या या बाई आपल्या आहाराची आठवडाभराची नोंद अतिशय नीटनेटकी लिहून घेऊन आल्या होत्या. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी धान्याचाच भर असलेले जेवण, संध्याकाळी पुन्हा चहा आणि रात्री फक्त सूप व एक फळ. काही महिन्यांत वजन चांगले उतरले होते आणि त्याचे त्यांना समाधानही होते. तक्रार एवढीच होती की जिना चढताना मांड्या भरून येतात आणि दुपारनंतर गळून गेल्यासारखे होते. मी त्यांना हात छातीशी घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितले. त्या पुढे झुकल्या, अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या आणि शेवटी हातावर जोर देऊनच उभ्या राहिल्या. त्यांचे वजन साठ किलोच्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २००७ मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार, म्हणजे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम या हिशेबाने, त्यांना दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने हवी होती. नोंदीतली बेरीज तीसच्याही पुढे जात नव्हती.

आम्ही त्यांचे जेवण कमी केले नाही, उलट वाढवले. न्याहारीला अंडी किंवा दुधाचे पदार्थ आले, दुपारी डाळी-कडधान्यांचे प्रमाण वाढले, रात्रीचे सूप राहिले पण त्याच्या जोडीला पोटभरीचे आणि प्रथिनयुक्त काहीतरी असू लागले. एका फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव आणि हलकी वजने उचलणे सुरू झाले. काही महिन्यांनी काट्यावरचा आकडा जवळपास तोच होता, पण खुर्चीतून उठताना त्यांना हाताचा आधार लागेनासा झाला होता. केवळ वजनावरून पाहिले असते, तर हे सगळे प्रयत्न वाया गेले असेच कोणीही म्हटले असते.

प्रथिनांविषयी लिहिताना दोन गोष्टी जोडून सांगायला हव्यात. एक म्हणजे दिवसभराची प्रथिने रात्रीच्या एकाच जेवणात घेण्यापेक्षा ती तिन्ही वेळच्या जेवणांत विभागून घेणे सोयीचे आणि बहुधा अधिक उपयोगी ठरते. पासष्टीपुढच्या निरोगी व्यक्तींसाठी तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असे वाढीव प्रमाण सुचवले आहे, त्यामुळे ही सवय आधीपासून लागलेली बरी. दुसरी गोष्ट अशी, की ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. बाजारात मिळणाऱ्या पावडरींची गरज बहुतेकांना नसते, आणि हे त्यांच्या जाहिरातींच्या शेजारीच ठळकपणे छापले जावे अशी माझी फार इच्छा आहे.

व्यायामाच्या बाबतीतही सल्ला अर्धाच पोचतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, हे आता अनेकांना पाठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्यातून निदान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत असेही सांगितले आहे. तो भाग मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. रोज न चुकता फिरायला जाणारे साठीतले गृहस्थ जमिनीवर बसले की त्यांना उठवायला कोणीतरी हात द्यावा लागतो, हे मी वारंवार पाहिले आहे. चालणे हृदयासाठी उत्तम आहे, पण मांड्या, पाठ आणि दंड यांना बळ येण्यासाठी त्यांच्यावर हळूहळू वाढत जाणारा भार पडावा लागतो. ‘आता या वयात कुठे’ म्हणणाऱ्यांसाठी मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला छोटासा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यात शुश्रूषागृहात राहणाऱ्या अवघ्या दहा व्यक्ती होत्या आणि सगळ्यांनी नव्वदीच्या आसपासचे वय गाठलेले होते. आठ आठवडे मांड्यांचा भारासह व्यायाम केल्यावर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत जे साधते, त्याची सुरुवात पन्नाशीत करणे नक्कीच अवघड नाही.

जीवनशैलीतील बदल औषधाच्या तोडीचा परिणाम घडवू शकतो का, या शंकेचे उत्तरही उपलब्ध आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवरील मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. सहभागींचे सरासरी वय ५१ होते. वजनात सुमारे सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झाले. वजन उतरवण्याला माझा विरोध नाही, हे यावरून लक्षात यावे. ज्यांना त्याची गरज आहे त्यांनी ते जरूर उतरवावे, पण ते स्नायू राखून, पोषण सांभाळून आणि सावकाश. चालू असलेली औषधे मात्र कोणी आपल्या मनाने बंद करू नयेत.

रजोनिवृत्तीबद्दल तर आपण जवळजवळ मौनच बाळगतो. बहुतेक स्त्रियांमध्ये ती ४५ ते ५५ या वयात येते आणि तिच्या आधीची काही वर्षे झोप, मनःस्थिती, पाळी आणि शरीराचे तापमान यांत असे बदल घडत असतात, की आपल्याला काय होते आहे हेच अनेकींना उमगत नाही. याच काळात हाडांची घनता वेगाने कमी होते आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढू लागते. पुरेसे कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाची तपासणी, भारासह व्यायाम आणि त्रास जास्त असल्यास उपचारांबाबत स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळी चर्चा, एवढे प्रत्येकीला मिळायला हवे. ‘हे वयाचेच आहे, सोसायला हवे’ असे सांगून तिला परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. या विषयावर पुरुष वाचकांनाही लिहिते करावे, कारण घरातली जोडीदार कोणत्या अवस्थेतून जाते आहे हे त्यांना ठाऊक असणे तितकेच गरजेचे आहे.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावे, भाज्या व फळे मिळून किमान ४०० ग्रॅम खावीत, साखर आवरावी, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यावर मी अधिक लिहीत नाही. झोपेबद्दल मात्र लिहावेसे वाटते, कारण या वयात सर्वांत आधी तिलाच कात्री लागते. वाढती मुले, थकलेले आई-वडील आणि जबाबदारीच्या पदावरची नोकरी यांच्यामध्ये उरतो तो रात्रीचा वेळ, आणि त्यातूनच कपात होते. ब्रिटनमधील ‘व्हाइटहॉल २’ या दीर्घ अभ्यासावर आधारित २०२१ च्या संशोधनात, पन्नाशी-साठीत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळले. अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, तरी पुरेशा झोपेला चैन समजणे थांबवायला एवढे कारण पुरेसे आहे. दुपारी उशिरा घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असू शकतो आणि मद्याने झोप लवकर लागली तरी ती उत्तररात्री मोडते, या गोष्टी ज्यांना सांगितल्या त्यांपैकी बऱ्याच जणांना त्या नवीन होत्या.

म्हणून आपल्याला काही विनंत्या आहेत. ‘इतक्या दिवसांत इतके किलो’ अशा मथळ्यांचे लेख पुरवणीतून बंद करावेत. कोणत्याही संशोधनाची बातमी देताना ते किती लोकांवर, किती काळ झाले आणि त्याला पैसा कोणी पुरवला, हे बातमीतच सांगावे. पूरक आहाराच्या जाहिराती संपादकीय मजकुरासारख्या मांडल्या जाऊ नयेत. आणि घरच्या घरी करता येतील अशा बळकटीच्या व्यायामांचे एक साप्ताहिक सदर, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून, ठळक चित्रांसह आणि गुडघे किंवा पाठ दुखणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना देऊन सुरू करावे. चित्रांत पंचविशीतल्या खेळाडूंऐवजी पन्नाशीतली साधी माणसे असतील, तर ते सदर अधिक वाचक आपले मानतील. आहारासंबंधीचा मजकूर तपासून देण्याची जबाबदारी मी विनामूल्य घ्यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ वाचक